दाबमापकाचे शून्य

टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल मोटारीला काही हौशी मालक एक जादा तबकडी बसवून घेतात. तिला बूस्ट गेज म्हणतात. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब ती दाखवते. बसवणे तसे सोपे असते. सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डवरून निघालेल्या एखाद्या रबरी नळीत टी-जोड घालायचा, तेथून एक बारीक नळी चालकासमोरच्या तबकडीच्या पाठीमागे आणून जोडायची आणि आतल्या दिव्याला तार द्यायची. झाले!

पण अशा पुष्कळ तबकड्यांवर एक गंमत दिसते. शून्याच्या उजवीकडचे आकडे दर चौरस इंचाला पौंड या एककात असतात, तर डावीकडचे पाऱ्याच्या इंचांत. मोटारीत पाऱ्याचा थेंबही नसतो. मग हे एकक तेथे आले कोठून?

याचे मूळ सतराव्या शतकात आहे. इटलीत टॉरिचेलीने १६४३-४४ च्या सुमारास दाखवून दिले, की हवेचा दाब सुमारे ७६ सेंटिमीटर, म्हणजे ३० इंच, उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो. तेव्हापासून दाब मोजायचा म्हणजे पाऱ्याची उंची मोजायची, अशी रीतच पडली.

एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनांतील दाब वाढू लागला आणि ही रीत अडचणीची ठरली. बॉयलर फुटून माणसे मरत होती. सुरक्षा-झडप असे, पण ती मर्यादा गाठल्यावरच बोलते. दाब मर्यादेकडे चालला आहे हे आधी सांगणारे साधन हवे होते. वाफेचे तापमान आणि दाब यांचा संबंध नक्की करण्याचे काम फ्रान्समध्ये ड्यूलाँग आणि आरागो यांच्याकडे आले. विशिष्ट उष्णतेच्या ड्यूलाँग-पेटिट नियमातले ड्यूलाँग ते हेच. १८२९ पर्यंत त्यांनी २४ वातावरणांइतका दाब मोजला. एका वातावरणाला ७६ सेंटिमीटर, तर २४ वातावरणांना किती? अठरा मीटरांहून अधिक! एवढा उंच पारा मनोऱ्यात उभा करता येईल, धावत्या रेल्वे इंजिनावर कसा करणार?

यातून वाट काढली पॅरिसमधील यंत्रकार यूजीन बूर्दाँ याने. असे सांगतात, की त्याच्या कारखान्यात वेटोळे करताना एक धातूची नळी चपटी झाली. ती पूर्ववत करण्यासाठी त्याने तिचे एक टोक बंद करून आत दाबाने पाणी भरले. नळी गोल होऊ लागली, आणि त्याचबरोबर तिचे वेटोळेही उलगडू लागले. चपट्या वाकड्या नळीतला दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते, हे तत्त्व बूर्दाँने हेरले. नळीच्या बंद टोकाला तरफ, दाते आणि काटा जोडून त्याने १८४९ साली दाबमापकाचे पेटंट घेतले. अठरा मीटरांचा पारा तळहाताएवढ्या डबीत मावला. पारा गेला, त्याची इंचे मात्र मागे राहिली.

टर्बोचार्जरची कल्पनाही जुनीच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर चक्र फिरवून आत हवा कोंबण्याचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली घेतले. १९१८ साली सॅनफर्ड मॉस याने अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर विमानाचे लिबर्टी इंजिन नेले. पायथ्यापासून दूर, सखल भागात ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन शिखरावरच्या विरळ हवेत २३० वर आले, टर्बोचार्जर जोडताच ३५६ वर गेले. मोटारींत तो १९६२ साली आला. त्या वर्षीच्या शेव्हरोले कॉर्व्हेअर स्पायडर गाडीत मॅनिफोल्डचा दाब दाखवणारी तबकडी कारखान्यातूनच बसवलेली असे. आत फार हवा कोंबली तर इंधनमिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटते आणि पिस्टन फुटू शकतो. बॉयलरच्या वेळचीच गरज येथे पुन्हा उभी राहिली.

आता शून्याकडे वळू. बूर्दाँच्या नळीबाहेर नेहमीची हवा असते. म्हणून काटा दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबांतला फरक. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १४.७ पौंड असतो. मुंबईत अशा तबकडीचा काटा ८ वर असेल तर मॅनिफोल्डमधला खरा दाब २२.७ पौंड. तीच गाडी सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला नेली, तर तेथे हवेचा दाब साडेबारा पौंडांच्या आसपास, म्हणून काटा ८ वर असूनही खरा दाब साडेवीस. काटा तोच, शून्य मात्र घाटाबरोबर खाली सरकले! दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानांना हे परवडणारे नव्हते. त्यांच्या बूस्ट गेजचे शून्य समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाला पक्के केलेले असे.

वर्गात हे दाखवण्यासाठी जत्रेत मिळणारी, फुंकली की उलगडणारी कागदी पुंगी आणावी. बूर्दाँची नळी कशी वागते ते तिच्यावरून मुलांच्या चटकन ध्यानात येते. मग दोन प्रश्न विचारावेत. तबकडीवरचे डावीकडचे २० आणि उजवीकडचे २० सारखेच का? (नाही. पाऱ्याचे २० इंच म्हणजे जेमतेम १० पौंड.) आणि इंजिन बंद असताना काटा शून्यावर असतो, तेव्हा मॅनिफोल्डमध्ये दाब किती? "शून्य" असे उत्तर आले, तर टॉरिचेलीपासून पुन्हा सुरुवात करावी.