गाडगेबाबांचं शेवटचं रेकॉर्डिंग

डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' आला ८ जानेवारी २०१६ला, आणि दोन दिवसांनी बोवी गेला. मग जगभरचे लोक त्यात मरणाच्या खुणा शोधत बसले. असंच एक शेवटचं रेकॉर्डिंग आपल्या वऱ्हाडी माणसाचंही आहे. गाडगेबाबांचं कीर्तन, ८ नोव्हेंबर १९५६, मुंबईचं वांद्रे पोलीस स्टेशन. बाबा तेव्हा ऐंशीचे होते.

आता कीर्तन आणि पंक? थांबा, सांगतो. लंडनच्या पोरांनी १९७६च्या सुमारास कानात सेफ्टी पिना अडकवल्या. त्याच्या कितीतरी आधी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा डेबूजी एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच घालून, अंगावर चिंध्या आणि डोक्यावर गाडगं घेऊन फिरत होता. १९०५मध्ये त्याने घर सोडलं. शाळा नाही, गुरू नाही. आधी गाव झाडायचं, मग रात्री कीर्तन. त्यातही पोथीचं निरूपण नाहीच. बाबा प्रश्न टाकणार, गर्दी उत्तर देणार. कीर्तनाचा जुना साचाच मोडला की हो!

विषय मात्र अंधारे: कर्ज, दारू, नवसाला कापलेलं बकरं. हे ऐकीव नव्हतं. वडील दारूपायी गेले. अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढले, तर मामाची जमीन सावकाराने गिळली.

वांद्र्याच्या कीर्तनातही तेच. पण त्यात बाबा बाबासाहेबांचं उदाहरण देतात: पिढ्यान् पिढ्या झाडू मारणाऱ्यांच्या घरात बापाने पोराला शाळेत घातलं, आणि त्या पोराने देशाची घटना लिहिली. म्हणून पैसे नसतील तर जेवायची ताटं मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा.

पुढच्या तारखा बघा. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगावला गाडगेबाबा गेले. बेचाळीस दिवसांत सांगणारा आणि ज्याचं उदाहरण सांगितलं तो, दोघंही नाहीत.

आज अमरावतीच्या विद्यापीठाला बाबांचं नाव आहे. शाळेत न गेलेल्या माणसाचं. पण सावकाराचा विषय वऱ्हाडात अजून जुना झालेला नाही, आणि म्हणूनच हे रेकॉर्डिंग ऐकताना हसू येतं आणि लगेच घशात अडकतं.

यूट्यूबवर आहे. आवाज खरखरतो, चालायचंच. हेडफोन लावून एकदा ऐकाच.