हप्त्यांची परीक्षा: इंग्लंडमधील ए-लेव्हल

इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षी द्यायची ए-लेव्हल परीक्षा १९५१ साली सुरू झाली. दोन वर्षे शिकायचे आणि शेवटच्या उन्हाळ्यात सगळे पेपर द्यायचे, हा शिरस्ता काही दशके टिकला. घटकवार, म्हणजे मॉड्यूलवार परीक्षा नव्वदच्या दशकात काही विषयांत शिरली आणि सप्टेंबर २००० मधील ‘करिक्युलम २०००’ या फेररचनेने सार्वत्रिक झाली.

बहुतेक विषयांचे सहा घटक पाडले गेले: पहिल्या वर्षी तीन ‘एएस’, दुसऱ्या वर्षी तीन ‘ए-टू’. परीक्षा जानेवारीत आणि जूनमध्ये होत. एखाद्या सत्राचा पेपर अवघड, दुसऱ्याचा सोपा निघे, म्हणून मूळ गुण एका समान मापात बसवले जात. त्या मापाने विषयाला ६०० गुण होते आणि ‘ए’ श्रेणीला ४८० लागत. पद्धतीचे मर्म सर्व घटकांच्या गुणांच्या बेरजेत होते. एएसला ३०० पैकी २७० मिळवणाऱ्याला दुसऱ्या, अधिक अवघड वर्षात २१० पुरत. जुना घटक पुन्हा देऊन गुण वाढवले, तर पुढचे ओझे आणखी हलके होई. साहजिकच दुसऱ्या वर्षाची कितीतरी मुले जानेवारीत पहिल्या वर्षाचेच पेपर पुन्हा देत. शिकवण्याचे दिवस परीक्षांनी खाल्ले, ही तक्रार त्यातूनच आली. तरी एक फायदा निर्विवाद होता: विद्यापीठांना प्रवेश देताना शाळेच्या अंदाजापलीकडचा, एएसच्या गुणांचा पुरावा हाती असे.

पहिल्याच पूर्ण निकालात, २००२ मध्ये, गोंधळ उडाला. निकाल फुगल्याचा आरोप येऊ नये या दडपणाखाली काही घटकांच्या श्रेणींच्या सीमारेषा वर सरकवल्या गेल्या होत्या. माजी मुख्य शाळा-निरीक्षक माइक टॉमलिन्सन यांच्या चौकशीनंतर सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांच्या श्रेणी वाढवाव्या लागल्या. त्याच ऑक्टोबरात शिक्षणमंत्री एस्टेल मॉरिस यांनी राजीनामा दिला.

पुढची डागडुजी घटकांच्या गुणांच्या बेरजेचीच होती. २००८ पासून बहुतेक विषयांत सहाऐवजी चार घटक आले. २०१० मध्ये प्रथम दिलेल्या ‘ए-स्टार’साठी ए-टू घटकांत ९० टक्क्यांची अट होती, आधीच्या शिलकीवर ही श्रेणी मिळू नये, हा तिचा हेतू उघड होता. नंतरचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांना ही डागडुजी पुरेशी वाटली नाही. जानेवारीच्या परीक्षा २०१३ नंतर बंद झाल्या. सप्टेंबर २०१५ पासून टप्प्याटप्प्याने एकेका विषयात अंतिम परीक्षा परतली आणि एएसचे गुण ए-लेव्हलमध्ये धरणे थांबले. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसईतली घटकपद्धत त्याआधीच मोडीत निघाली होती.

वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांनी मात्र एएसचे गुण धरणे चालू ठेवले. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा रद्द होऊन श्रेणी सांख्यिकी सूत्राने ठरवल्या गेल्या तेव्हा हा फरक ठळक झाला. अंतिम श्रेणी एएसपेक्षा खाली जाणार नाही, अशी हमी वेल्सने निकालाच्या आदल्या दिवशी दिली. इंग्लंडकडे असा आधार नव्हता. अखेर १७ ऑगस्टला दोन्हीकडे शिक्षकांनी ठरवलेल्या श्रेणी स्वीकारल्या गेल्या.