दुष्ट मांत्रिक : चित्रकथांतील खलनायक

दुष्ट मांत्रिक : मंत्रतंत्र, औषधी किंवा पिशाचसाधना यांच्या बळावर अलौकिक सामर्थ्य मिळवून ते केवळ स्वार्थासाठी वापरणारा, बहुधा अतिवृद्ध व मृत्यूलाही हुलकावणी देणारा पुरुष. लोककथा, नाटक, चित्रपट व चित्रकथा यांतील हा एक ठरीव खलपुरुष होय. पराभव झाला तरी तो पुन्हा अवतरतो, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण. मराठी वाचकांना तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यत्वे चांदोबा मासिक आणि इंद्रजाल कॉमिक्स यांतून परिचित झाला. त्यामुळे तो अलीकडचा, किंबहुना परदेशी पाहुणा असावा असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः त्याच्या सर्वांत प्रसिद्ध भारतीय कथेचे स्थळ मराठवाड्यातच, गोदावरीच्या काठी आहे. आणि त्याच नदीच्या खालच्या अंगास असलेल्या नांदेड भागात व त्याच्या दक्षिणेकडील लातूर भागात मांत्रिकाच्या भयाला कथेबाहेरचा, पुष्कळसा क्लेशकारक असा इतिहासही आहे.

काश्मीरचा कवी सोमदेव याने अकराव्या शतकात, राजा अनंत याची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनार्थ कथासरित्सागर रचला. गुणाढ्याच्या पैशाची भाषेतील लुप्त बृहत्कथेवर तो आधारलेला आहे, आणि गुणाढ्याचा संबंध परंपरा सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीशी जोडते. कथासरित्सागरातील वेतालकथांचा नायक त्रिविक्रमसेन हाही गोदातटीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा राजा. उत्तरकालीन संस्करणांत त्याच्या जागी उज्जयिनीचा विक्रमादित्य आला व पैठणचा विसर पडला. क्षान्तिशील नावाचा एक भिक्षू दहा वर्षे रोज राजसभेत येऊन राजास एक फळ अर्पण करतो. एके दिवशी माकडाने फोडलेल्या फळातून अमूल्य रत्न बाहेर पडते व सर्वच फळांत रत्ने असल्याचे उघडकीस येते. या उपकाराच्या मोबदल्यात भिक्षू एवढेच मागतो, की राजाने कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात यावे आणि शिंशपा वृक्षावर लटकणारे प्रेत आणून द्यावे. प्रेतात वेताळाचा संचार असतो. तो वाटेत कथा सांगतो, राजाला कूटप्रश्न घालतो आणि मौन सुटताच परत झाडावर जातो. अखेरीस तोच राजाला सावध करतो : भिक्षूला विद्याधरांचे आधिपत्य हवे असून त्यासाठी तो राजाचाच बळी देणार आहे, साष्टांग नमस्कार घाल असे त्याने सांगितले, तर ‘तो कसा घालतात ते आधी दाखव’ असे म्हणावे. राजा तसे करतो आणि वाकलेल्या भिक्षूचे मस्तक उडवितो.

या कथेतील मांत्रिकाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. तो गर्जना करीत येत नाही. देणगी घेऊन येतो. ज्याचा बळी द्यायचा त्यालाच तो आपल्या कामाला जुंपतो. त्याचा नाशही मोठ्या मंत्राने होत नाही, तर आज्ञा निमूटपणे न पाळल्याने होतो. पुढील अनेक चित्रकथांनी त्याची दाढी, कवट्यांची माळ व अग्निकुंड तेवढे उचलले आणि ही सूक्ष्मता सोडून दिली.

पुन्हा परतून येण्याचे लक्षण मात्र क्षान्तिशीलात नाही. ते प्रथम ठळकपणे दिसते विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीच्या मालतीमाधव या आठव्या शतकातील प्रकरणात. अघोरघंट हा कापालिक मालतीला चामुंडेपुढे बळी देण्याच्या बेतात असताना माधव त्याला ठार करतो. पण त्याची शिष्या कपालकुंडला सूड उगविण्यासाठी पुन्हा येते व मालतीला पळवून नेते. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कापालिकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ उपलब्ध नाहीत. त्यांची जी चित्रे साहित्यात आढळतात, ती विरोधकांनी किंवा नाटककारांनी रंगविलेली आहेत. खलनायक म्हणून ती परिणामकारक असली, तरी त्या पंथाचा इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाहीत. मराठी परंपरेत मंत्रसिद्ध पुरुष केवळ दुष्टच असतो असेही नाही. धुंडिसुत मालू याच्या नवनाथ भक्तिसार (१८१९) या ग्रंथातील नाथ शाबरी विद्येने असंख्य चमत्कार घडवितात आणि तरीही पूज्य ठरतात. विद्या तीच, ती कोणासाठी वापरली, यावरून साधू व मांत्रिक असा भेद श्रोता करीत आला.

मृत्यूला फसविणारा मांत्रिक दख्खनच्या मौखिक कथांत आढळतो. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची कन्या मेरी फ्रियर हिने आना लिबराटा डिसूझा या आयेकडून ऐकलेल्या कथा १८६८ मध्ये ओल्ड डेक्कन डेज या नावाने प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिल्याच कथेतील पंचकिन हा जादूगार राजपुत्रांचे दगड करतो आणि बालना या राजकन्येला बारा वर्षे कोंडून ठेवतो. त्याचे प्राण दूरच्या अरण्यात, माडांच्या वर्तुळात, एकावर एक ठेवलेल्या सहा घागरींखालील पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात असतात. बालनाचा मुलगा तो पोपट हस्तगत करतो. पोपटाचा पंख उपटताच जादूगाराचा हात गळून पडतो. ‘अमक्याचे प्राण पोपटात’ ही मराठीतील सर्वपरिचित कल्पना. तिच्या या रूपाकडे जेम्स फ्रेझर यांनी बाह्य आत्म्याच्या विवेचनात जागतिक अभ्यासकांचे लक्ष वेधले. अवध्य खलनायक निर्माण करण्याची ही युक्ती पुढे चित्रकथांना फार उपयोगी पडली.

छापील मराठीत वेताळकथा लवकर आल्या. सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांची वेताळ पंचविशी १८३० मध्ये प्रसिद्ध झाली. चित्रांसह आणि दरमहा येणारा मांत्रिक मात्र मद्रासहून आला. बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत चंदामामा सुरू केले. त्याची मराठी आवृत्ती चांदोबा १९५२ मध्ये निघाली. याच दोघांच्या विजया संस्थेने १९५१ मध्ये पाताळभैरवी हा चित्रपट काढला होता. त्यात एस. व्ही. रंगाराव यांनी साकारलेला नेपाळी मांत्रिक एका धाडसी तरुणाचा देवीला बळी देऊ पाहतो आणि स्वतःच बळी जातो. घाट उघडच क्षान्तिशीलाचा आहे. भर एवढीच, की मांत्रिकाचा शिष्य त्याला संजीवनीने पुन्हा जिवंत करतो व कथा पुढे सरकते. मासिकाच्या क्रमशः कथांना हेच हवे होते. दासरी सुब्रह्मण्यम (१९३२–२०१०) यांनी तेलुगूत लिहिलेल्या आणि सर्व भाषिक आवृत्त्यांत अनुवादित होणाऱ्या दीर्घ कथा अशा मांत्रिकांनी गजबजलेल्या आहेत. त्यांपैकी दोन कथांची मूळ नावेच ‘तीन मांत्रिक’ व ‘भल्लूक मांत्रिक’ या अर्थाची आहेत. ‘चित्रा’ या नावाने काम करणारे टी. व्ही. राघवन यांनी त्यांना चित्ररूप दिले. हाडकुळी बोटे, गुहा, भैरवमूर्ती व कवटी हा सरंजाम मराठी मुलांच्या डोळ्यांपुढे कायमचा उभा केला तो मुख्यतः या मद्रासी कुंचल्याने.

नांदेड व लातूर येथील वाचकांना हे वातावरण परके वाटण्याचे कारण नव्हते. हा प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत मराठीच्या जोडीने तेलुगूही कानांवर पडते. तेलुगूतून मराठीत येणारा मांत्रिक येथे शेजारच्या गावाहून आल्यासारखाच होता.

चांदोबातील विक्रम-वेताळ ही मालिका याहून वेगळ्या कारणाने उल्लेखनीय ठरते. १९५५ मध्ये तेलुगूत सुरू झालेल्या या मालिकेतील मूळ पंचवीस कथा लवकरच संपल्या. मग संपादकांनी इतर लोककथा त्याच चौकटीत बसविल्या आणि मालिका अनेक दशके चालविली. शंकर (के. सी. शिवशंकरन, १९२४–२०२०) यांनी काढलेले, खांद्यावर प्रेत व हाती उपसलेली तलवार घेऊन चालणाऱ्या राजाचे शीर्षचित्र दर महिन्यास छापले जाई. त्या चित्रात मांत्रिक नाही. राजा कधी स्मशानात पोहोचतच नसल्याने मांत्रिकाला पानावर येण्याचे कारणही उरले नाही. मात्र राजाची प्रत्येक फेरी त्याच्याच आज्ञेने चाललेली असे. न दिसता दीर्घकाळ टिकलेला असा खलनायक चित्रकथांच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. चंदामामाचे प्रकाशन २०१३ च्या सुमारास थांबले.

पाश्चात्त्य चित्रकथांतील मांत्रिक मराठीत आला तो टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्सद्वारा. मार्च १९६४ मध्ये सुरू झालेली ही माला १९९० मध्ये बंद पडली. तिचे दोन आधारस्तंभ, जादूगार मॅन्ड्रेक (१९३४) व फँटम (१९३६), हे अमेरिकन लेखक ली फॉक यांचे. मॅन्ड्रेकच्या पहिल्याच कथेतील शत्रू कोब्रा हा १९६५ मध्ये चंदेरी मुखवटा धारण करून परतला व पुढे वारंवार येत राहिला. त्याच्या पुनरागमनामागे प्राणांचा पोपट नाही की संजीवनी नाही. वृत्तपत्रातील दैनंदिन पट्टीला तोलामोलाचा शत्रू सतत हवा असतो, हे व्यावहारिक कारण पुरेसे होते. फँटमला मराठीत ‘वेताळ’ हे नाव मिळाले. भुताखेतांच्या अधिपतीचे नाव नायकाला दिल्याने हे नामकरण प्रथमदर्शनी विपरीत भासते. परंतु कथासरित्सागरातील वेताळ शेवटी मांत्रिकाच्या विरुद्ध राजाचीच बाजू घेतो, आणि कोकण-गोव्यात तर वेताळ हा गावाचा राखणदार देव आहे. अनुवादकांनी कळत वा नकळत योग्यच नाव निवडले. गद्य वाङ्मयात नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या समर्थकथांनी दुष्ट साधकांशी चालणारा हा सामना प्रौढ वाचकांसाठी आधुनिक महाराष्ट्रात आणला.

पानावरील मांत्रिक प्राचीन काळात सुरक्षित अंतरावर असतो. ज्या पिढीने मराठवाड्यात चांदोबा वाचला, तिच्या अवतीभवती मात्र तीच कल्पना प्रत्यक्ष जीव घेत होती. नांदेडलगतच्या परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात मुली व स्त्रिया यांच्या हत्यांचे सत्र घडले. गुप्तधनाचा लोभ, अपत्यप्राप्तीची इच्छा व पिंपळावरील मुंजाला तृप्त करण्याची समजूत यांचा त्यांच्याशी असलेला संबंध तपासात पुढे आला. रत्नासाठी फळ फोडावे तसे धनासाठी माणूस फोडण्याची ही वृत्ती कथेइतकी जुनी असली, तरी येथे वेळीच सावध करणारा वेताळ नव्हता.

दुसरा प्रकार भानामतीचा. घरावर दगड पडणे, कपडे आपोआप पेटणे, अंगावर वा वस्त्रांवर बिब्ब्याच्या फुल्या उमटणे, स्त्रियांचे घुमणे अशा घटनांना मराठवाड्यात व लगतच्या तेलुगू-कन्नड सीमाभागात हे नाव दिले जाते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा ठिकाणी जाऊन चौकशी करीत आले आहेत. यामागे घरातीलच कोणाचा तरी हात व बहुधा मानसिक कोंडमारा असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. चित्रकथेशी तुलना करता येथे भूमिकांची पूर्ण उलटापालट दिसते. पानावरचा मांत्रिक सामर्थ्यवान, एकाकी व दूरचा असतो. गावात भानामती किंवा करणी केल्याचा आळ मात्र शेजारच्या, बहुधा दुबळ्या माणसावर, कित्येकदा विधवा वा एकट्या स्त्रीवर येतो. तेथे खरा मांत्रिकी व्यवहार करणारा असतो तो आळ घेण्यास नाव सुचविणारा देवऋषी, आणि त्याच्याकडे लोक उपकारकर्ता म्हणून पाहतात.

नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्र शासनाने वटहुकूम काढला व डिसेंबर २०१३ मध्ये नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम विधिमंडळाने संमत केला. सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. त्याच्या अनुसूचीत करणी-भानामतीच्या नावाखाली गुप्तधन शोधण्यासाठी केलेली अमानुष कृत्ये येतात. त्याचप्रमाणे एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटविते किंवा रोगराई पसरविते, असे सांगून तिचे जगणे कठीण करणे हाही अपराध ठरविण्यात आला आहे.