तापीचा गळ
असोदा माझं आजोळ. गळ टाकायला मामांनी शिकवलं, सायकलवरून तापीवर नेऊन. पिल्लू लागलं की सोडायला लावायचे, मी कुरकुरायचो. ट्राउटला थंड पाणी लागतं, म्हणून इंग्रजांनी तो काश्मीर-निलगिरीत नेला. आपल्या तापीचा मासा महसीर. मद्रासचे अधिकारी हेन्री थॉमस यांनी १८७३च्या पुस्तकात झुंजीला तो सॅमनहून सरस ठरवला. सुरुंग लावून, विष कालवून मासे मारायला १८९७च्या कायद्यानं बंदी घातली. मामांना हा कायदा ठाऊक नव्हता, पण विष कालवणाऱ्यांशी ते भांडायचे. महसीर मात्र पुरात वर चढून गोट्यांत अंडी घालतो, आणि वाटेत आता उकाई, हतनूरच्या भिंती. मामांना लागायचा तो. मला अजून नाही.