बिज्जल (दुसरा) : मंगळवेढ्याचा कलचुरी राजा

बिज्जल, दुसरा : (कार. सु. ११३०–११६८). कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक आणि पुढे त्यांचेच सिंहासन ताब्यात घेणारा, दक्षिणेकडील कलचुरी वंशाचा सर्वांत प्रसिद्ध राजा. शिलालेखांत त्याचे नाव ‘बिज्जण’ असेही येते. घराण्याचे मूळ ठाणे मंगळवेढे (जि. सोलापूर). माढा तालुक्यातील उजनी धरणातून निघालेली भीमा पंढरपूर मागे टाकून पुढे जाते, त्या पट्ट्यातला हा काळ्या रानांचा मुलूख. आज मंगळवेढ्याची ओळख दामाजीपंत, चोखामेळा, कान्होपात्रा आणि मालदांडी ज्वारी यांनी सांगितली जाते. त्यांच्याही आधी हे गाव राजधानीचे होते, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. बिज्जलाचे नाव निघते ते बहुतेक वेळा बसवेश्वरांच्या चरित्रात आणि तेथे त्याच्या वाट्याला खलनायकाची जागा येते. समकालीन लेखांतला बिज्जल याहून बराच मोठा आणि गुंतागुंतीचा आहे. त्याच्या आयुष्यातले जवळजवळ प्रत्येक वळण घरच्या नात्यांतून, सोयरिकींतून आणि मुलांच्या भांडणांतून आलेले असल्यामुळे त्याचे कुळ आधी पाहिले पाहिजे.

कलचुरी हे मूळचे मध्य भारतातले. दक्षिणेत येऊन कित्येक पिढ्या लोटल्या तरी मंगळवेढ्याचे सरदार ‘कालंजरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत. बुंदेलखंडातील कालंजर किल्ल्यावर त्यांची सत्ता उरलेली नव्हती, पण नाव सोडवत नव्हते. ध्वजावर सोनेरी वृषभ असे. वंशाच्या मूळपुरुषाची कथा विलक्षण आहे. शिवाच्या अंशाने जन्मलेल्या कृष्ण नावाच्या पुरुषाने न्हाव्याच्या वेषात कालंजरच्या नरभक्षक राजाला ठार केले आणि डाहल देश जिंकला, असे लेखात सांगितले आहे. राजघराणी आपले मूळ सूर्यचंद्रापर्यंत नेऊन भिडवीत त्या काळात हा वंश वस्तरा हाती घेतलेल्या पूर्वजाची गोष्ट दगडावर कोरून ठेवतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गिरीश कार्नाड यांनी ‘तलेदंड’ (१९९०) या कन्नड नाटकातला बिज्जल नाभिक कुळातला दाखवला, त्याला या कथेचा आधार आहे.

बिज्जलाचा आजा जोगम आणि बाप पेर्माडी. दोघेही चालुक्यांचे महामंडलेश्वर. जोगमाची मुलगी सावळदेवी ही सम्राट सहाव्या विक्रमादित्याची (कार. १०७६–११२६) राणी होती आणि नारायणगल या अग्रहार गावाचा कारभार ती स्वतः पाहत असे. उलट बाजूने विक्रमादित्याची मुलगी पेर्माडीला दिली होती आणि बिज्जल हा तिचाच मुलगा, असे मानले जाते. म्हणजे बापाकडून मांडलिक आणि आईकडून सम्राटाचा नातू. कल्याणीच्या दरबारात तो वाढला तो केवळ चाकर म्हणून नव्हे, घरचा माणूस म्हणून. पुढच्या घडामोडींची मुळे यात शोधावी लागतात.

बापाच्या मागे बिज्जलाकडे कऱ्हाड-४००० आणि तर्दवाडी-१००० या प्रांतांचा कारभार आला. प्रांताच्या नावापुढचा आकडा गावांच्या संख्येचा समजला जातो. तर्दवाडी म्हणजे भीमेच्या दक्षिणेचा, आजच्या इंडी-विजापूरकडचा प्रदेश. विक्रमादित्यानंतर तिसरा सोमेश्वर आला. ‘मानसोल्लास’सारखा ज्ञानकोश रचणारा हा विद्वान राजा, पण तलवारीचा नाद त्याला कमी. त्याच्यामागे दुसरा जगदेकमल्ल आणि त्यानंतर ११५१ च्या सुमारास तिसरा तैल गादीवर बसला. तैलाच्या काळात साम्राज्याचे सांधे निखळू लागले. काकतीय प्रोलाने तर सम्राटालाच कैद करून सोडून दिले. एवढी बेअब्रू झाल्यावर मांडलिकांनी कोणाकडे पाहायचे? ते बिज्जलाकडे पाहू लागले.

बिज्जलाने घाई केली नाही. आधी तो तैलाचा सेनापती आणि आधार झाला, मग कारभारी. ११५७ च्या सुमारास लेखांत त्याच्या नावापुढे सम्राटाची बिरुदे दिसू लागतात आणि त्याच्या राज्यवर्षांची गणनाही सुरू होते. ११६२ पर्यंत उरलासुरला पडदाही गळून पडला. तैलाला कल्याणी सोडून अण्णिगेरीकडे सरकावे लागले. चिक्कलगीच्या लेखात बिज्जलाला ‘महाभुजबळ चक्रवर्ती’ म्हटले आहे. ‘गिरिदुर्गमल्ल’ आणि ‘शनिवारसिद्धि’ ही त्याची आणखी बिरुदे. जगाच्या इतिहासात याचा जवळचा जोड फ्रँक लोकांच्या राज्यात सापडतो. तेथे राजवाड्याचा मुख्य कारभारी पेपिन याने ७५१ मध्ये नामधारी राजा तिसरा चिल्डेरिक याला मठात पाठवून मुकुट स्वतःच्या डोक्यावर घेतला. दोघांच्याही घराण्यात सत्ता आधी आली आणि पदवी मागून. पेपिनला मात्र शार्लमेनसारखा मुलगा लाभला आणि पोपचा आशीर्वादही. बिज्जलाच्या नशिबी यातले काहीच नव्हते.

बिज्जल जैन होता, अशी समजूत पुढच्या काळातील ग्रंथांनी रूढ केली. लेख वेगळे सांगतात. ११६२ मध्ये दक्षिणेचा बंदोबस्त करायला निघालेल्या बिज्जलाचा तळ बळ्ळिगावे (जि. शिवमोग्गा) येथे पडला होता. तेथे बनवासीचा अधिकारी कासपय्य नायक याच्या विनंतीवरून त्याने कोडिय मठाचे आचार्य वामशक्ती यांना दान दिले. त्या लेखातले मठाचे वर्णन आवर्जून वाचावे असे आहे. चार वेद, व्याकरण आणि षड्दर्शने शिकवण्याचे हे ठिकाण. शैव मठ असूनही तेथे बौद्ध मताचीही चर्चा चाले. आंधळे, पांगळे, बहिरे, अनाथ यांना तेथे अन्न मिळे; गाणारे-वाजवणारे, कथेकरी यांनाही मिळे; आजाऱ्यांना औषधपाणी होई. अशा मठाला दान देणारा राजा एका धर्माचा कडवा आणि दुसऱ्याचा वैरी होता, हे म्हणणे पुराव्यावर टिकत नाही. वृषभध्वजाचे हे घराणे परंपरेने शैवच होते आणि राजा या नात्याने सर्व पंथांना जागा देण्याची त्या काळची रीत ते पाळत होते.

बसवेश्वर आणि बिज्जल यांची गाठ मंगळवेढ्यातच पडली. बागेवाडीहून निघून कूडलसंगम येथे काही काळ राहिलेले बसवेश्वर मंगळवेढ्यात राजाच्या भांडारात हिशेबनीस म्हणून लागले आणि बिज्जल कल्याणीला गेल्यावर तेथे भांडाराचे प्रमुख झाले. त्यांचे मामा बलदेव हे बिज्जलाचे मंत्री आणि मामेबहीण गंगांबिका ही त्यांची पत्नी. दोघांच्या नात्याबद्दलच्या परंपरा मात्र उलटसुलट आहेत. वीरशैव परंपरेच्या काही ग्रंथांत बसवेश्वरांची दुसरी पत्नी निलांबिका ही बिज्जलाची बहीण म्हटली आहे. धरणीपंडिताच्या ‘बिज्जलरायचरिते’ या जैन काव्यात बसवेश्वरांची बहीण पद्मावती बिज्जलाची राणी होते. एकाने बहीण दिली की दुसऱ्याने, हे परंपरेला ठरवता आलेले नाही, पण ही दोन माणसे सोयरिकीने बांधलेली होती यावर दोन्ही बाजू ठाम आहेत. वैर सांगतानाही नाते सोडलेले नाही.

ते वैर पेटले ते एका लग्नावरून. ब्राह्मण कुळातून शरण (बसवेश्वरांचा अनुयायी) झालेल्या मधुवरसाची मुलगी चर्मकार हरळय्याच्या मुलाला दिली गेली. सनातन्यांच्या दबावाखाली बिज्जलाने दोन्ही बापांना हत्तीच्या पायी बांधून फरफटत नेण्याची शिक्षा दिली, असे परंपरा सांगते. कल्याणीत आग उसळली. बसवेश्वर कूडलसंगमला निघून गेले, शरण पांगले, बसवेश्वरांचे भाचे चन्नबसव उळवीकडे गेले. या शिक्षेचे समर्थन कोणालाही करता येणार नाही आणि शरणांच्या धैर्यापुढे राजसत्ता येथे खुजी ठरली, हे बिज्जलाच्या चरित्रकारानेही मान्य केले पाहिजे.

बिज्जलाचा शेवट कसा झाला, याच्या तीन हकीकती आहेत. वीरशैव पुराणे सांगतात की जगदेव आणि मल्लिबोम्म या शरणांनी त्याला ठार केले. ‘बिज्जलरायचरिते’ सांगते की कोल्हापूरच्या शिलाहार भोजावरची मोहीम आटोपून परतताना भीमेच्या काठी तळ पडला असता त्याला विषारी फळ देण्यात आले. शिलालेखांत खुनाचा उल्लेख नाही. राजाने ११६७–६८ च्या सुमारास राज्य आपला मुलगा सोविदेव याच्या हाती सोपवले, एवढेच दिसते. पुराणे काही पिढ्यांनी, तर जैन काव्य काही शतकांनी नंतर रचले गेले. त्यामुळे येथे लेखांचा शब्द अधिक वजनाचा धरावा.

बिज्जलाची मुलगी सिरियादेवी ही येलबुर्ग्याच्या सिंद घराण्यातील दुसऱ्या चावुंडाला दिली होती. त्यांच्या दोन मुलांची नावे बिज्जल आणि विक्रम. पहिल्या नातवाला आजोबांचेच नाव मिळाले. हे दोघे भाऊ ११६९ मध्ये सिंदांच्या प्रदेशाचा कारभार पाहत होते. राजा बिज्जलाच्या मुलांचे मात्र एकमेकांशी पटले नाही. ‘रायमुरारी’ हे बिरुद धारण करणाऱ्या सोविदेवाने ११७६ पर्यंत राज्य केले. त्याची राणी सोवळदेवी नृत्यगायनात निपुण होती आणि दरबारात आपली कला सादर करीत असे. त्याच्यानंतर आलेल्या मल्लुगीला भाऊ संकम याने बाजूला सारले. संकमामागे आहवमल्ल आणि शेवटी सिंघण, असे चार भाऊ सात-आठ वर्षांत गादीवर येऊन गेले. बेहट्टी येथे सापडलेला सिंघणाचा ११८३ चा ताम्रपट हा या घराण्याच्या अखेरच्या लेखांपैकी एक. त्यांचाच सेनापती ब्रह्म हा तैलाचा मुलगा चौथा सोमेश्वर याला जाऊन मिळाला आणि ११८४ च्या सुमारास कल्याणी पुन्हा चालुक्यांकडे गेली. सोमेश्वरालाही ती फार काळ राखता आली नाही. काही वर्षांतच उत्तरेकडून देवगिरीच्या पाचव्या भिल्लम यादवाने आणि दक्षिणेकडून होयसळ दुसऱ्या बल्लाळाने साम्राज्य वाटून घेतले आणि भीमेचा हा पट्टा यादवांच्या राज्यात गेला.