दुष्काळ संहितेपासून संवाद सहाय्यकांपर्यंत : मराठवाडा आपत्तीला तोंड द्यायला कसा शिकला?

(१/१४) #थ्रेड
मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना गंगापूर तालुक्यात लासूर स्टेशन लागते. निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या मार्गावर १९०० च्या सुमारास धावू लागली. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळही त्याच काळातला. धान्य आगगाडीने येऊ लागले. पण संकटात नेमके काय करावे, हे लोकांना कोणी शिकवले? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी आहे.

(२/१४)
आज ‘आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षक’ हा स्वतंत्र व्यवसाय आहे. हे प्रशिक्षक आणि सल्लागार अधिकारी, स्वयंसेवक व गावकरी यांना धोक्याचा नकाशा काढणे, छावणी उभारणे, मदतीचे न्याय्य वाटप करणे शिकवतात आणि रंगीत तालीम घेतात. हा व्यवसाय परदेशातून तयार होऊन आला, असा समज आहे. त्याची काही मुळे मात्र आपल्याच मातीत आहेत.

(३/१४)
आरंभ १८७६-७८ च्या दुष्काळापासून करू. सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या मजुराला किती द्यावे, यावर सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसरीचा हिशेब मांडला : दिवसाला १ पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर किरकोळ रोकड. एवढ्यावर कष्ट करणारा माणूस तग धरणार नाही, असा आक्षेप मद्रासचे डॉ. कॉर्निश यांनी घेतला.

(४/१४)
मुंबई इलाख्यातील अनेक मजुरांनी त्या मजुरीवर काम करण्यास नकार देऊन कामे सोडली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळी भागांतून माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. संकटग्रस्तांची स्थिती पद्धतशीरपणे नोंदवून तिच्या आधारे धोरणाला जाब विचारणे, ही आजच्या मदतकार्यातील पहिली पायरी. तिचा हा एक आरंभीचा भारतीय दाखला.

(५/१४)
१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर, १८८३ पासून दुष्काळ संहिता तयार झाल्या. टंचाईची लक्षणे कोणती, चाचणी कामे केव्हा काढावीत, याद्या कशा कराव्यात, कोणत्या अधिकाऱ्याने काय करावे, हे त्यांत लिहिलेले होते. यांना आपत्तीची आद्य पाठ्यपुस्तके म्हणता येईल. मर्यादा एकच, पण मोठी : ती अधिकाऱ्यासाठी होती. गावकरी त्यांत केवळ यादीतले एक नाव होता.

(६/१४)
१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या प्रशासनाचा या बाबतीतला अनुभव दिसून आला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध झाले आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. मराठवाड्याला दुष्काळ परिचित होता. जे पाहिलेच नव्हते, ते संकट पुढे यायचे होते.

(७/१४)
लासूर मराठवाड्याच्या वायव्येला, तर किल्लारी आग्नेय टोकाला, लातूर जिल्ह्यात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेले, गावे निजलेली. पहाटे चारच्या सुमारास ६ रिश्टरहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. अधिकृत नोंदीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता.

(८/१४)
एवढे मृत्यू का झाले? उत्तर भिंतींत होते. दगड-मातीच्या जाड भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मधे भर. दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड बहुधा नसे. त्यावर मातीचे जड माळवद. हादरा बसताच पदर सुटून ढासळले आणि निजलेली माणसे दगडमातीखाली गाडली गेली. उन्हापासून जपणारे घरच जीवघेणे ठरले.

(९/१४)
वाचलेल्यांच्या मनात दगडाचीच धास्ती बसली. वास्तविक दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. कमकुवत दगडी बांधकामाला भूकंपात टिकाऊ कसे करावे, हे सांगणारे भारतीय मानक (१३८२८) त्याच १९९३ साली प्रसिद्ध झाले. ज्ञान उपलब्ध होते; पण ते इंग्रजीत होते आणि अभियंत्याच्या टेबलावर होते. ते गवंड्याच्या थापीपर्यंत आणि घरधनिणीच्या निर्णयापर्यंत न्यायचे कोणी?

(१०/१४)
जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. याशिवाय सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करायचे होते. येथे नुसते अनुदान पुरेसे नव्हते. प्रत्येक कुटुंबाला बांधकाम समजणे आवश्यक होते. म्हणून ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला शासनाने लोकसहभागाची सल्लागार नेमले. प्रेमा गोपालन तिच्या संस्थापक.

(११/१४)
सल्लागार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अहवाल येतो. येथे सुमारे १,२०० गावांत महिला मंडळांतल्या स्त्रिया ‘संवाद सहाय्यक’ झाल्या. अनुदानाचे नियम सांगणे, ग्रामसभा भरवणे, नमुना घर दाखवणे, चाललेल्या कामावर लक्ष ठेवणे ही त्यांची कामे. भिंतीत आरपार दगड बसला का, माळवदाचा भार उतरवला का, हे विचारणारी बाई आता गावातलीच होती. दुष्काळ संहितेत जी यादीतले नाव होती, ती इथे देखरेख करणारी झाली.

(१२/१४)
२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा लातूर-धाराशिवच्या स्त्रिया तेथील स्त्रियांना भेटायला गेल्या. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हाच अनुभव तामिळनाडूपर्यंत पोहोचला. भाषा वेगळी, पण ‘आमचेही घर पडले होते, आम्ही असे उभे केले’ ही गोष्ट तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा लवकर पटते. आपद्‌ग्रस्तांनी आपद्‌ग्रस्तांना शिकवण्याची ही रीत होती.

(१३/१४)
याच सुमारास जगही नियम बांधत होते. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्फिअर’ प्रकल्पाने मदतीची किमान मानके ठरवली : माणशी रोज १५ लिटर पाणी, २,१०० किलोकॅलरी अन्न, साडेतीन चौरस मीटर आसरा. टेंपल यांच्या १ पौंडाशेजारी हे आकडे ठेवून पाहा. तेव्हा प्रश्न होता, किती कमी दिले तर चालेल? आताचा प्रश्न आहे, माणसाचा हक्क किती? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रशिक्षण ही जिल्हा प्राधिकरणाचीही जबाबदारी केली. २०१६ च्या ‘आपदा मित्र’ योजनेत ३० जिल्ह्यांत प्रत्येकी २०० स्वयंसेवक घडवण्याचे ठरले.

(१४/१४)
तरीही एक धोका उरतोच. मानके छापील राहतात, पण अनुभव माणसांबरोबर जातो. १९९३ नंतर जन्मलेली पिढी आज स्वतःची घरे बांधते आहे, आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता असे अनेकांना वाटते. गवंड्याला जोडाविषयी, पट्ट्याविषयी प्रश्न विचारण्याची सवय मोडली, तर किल्लारीचा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागेल. इतिहासाच्या अभ्यासकांना यात काम आहे. १९७२ आणि १९९३ पाहिलेली माणसे अजून घराघरांत आहेत. पाणी कुठून आणले, कोणती भिंत टिकली, याद्या कोणी केल्या, हे त्यांना विचारा आणि नाव, गाव, सालासह लिहून ठेवा. पुढच्या प्रशिक्षकाला त्या नोंदींचा उपयोग होईल.

थ्रेड समाप्त. आपल्या गावची अशी नोंद असल्यास खाली अवश्य लिहा.