देवळांतील लॅटिन आणि वर्गांतील इंग्रजी



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं पूर्वजांनीं उभारलेल्या भिंतींचें व घंटांचें स्मरण करणें योग्यच आहे. परंतु त्यांनीं आमच्या स्वाधीन केलेला दुसराहि एक ठेवा आहे, आणि तो दगडाचा नसून शब्दांचा आहे. त्याकडे आमच्या मुलांचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधावें, एवढ्याच हेतूनें हा अल्प लेख आम्हीं लिहावयास घेतला आहे.

आज आमच्या घरोघरचीं मुलें इंग्रजी शिकतात. शब्दांच्या लांबलचक याद्या तीं घोकतात, आणि परीक्षा संपतांच विसरतात. कारण प्रत्येक शब्द त्यांना परका वाटतो. वस्तुतः इंग्रजींतील निम्म्याहून अधिक शब्द प्रत्यक्ष अथवा फ्रेंच भाषेच्या द्वारें लॅटिनपासून आलेले आहेत. आणि लॅटिन तर आमच्या आजा-आजींच्या कानांवर बाळपणापासून पडलेली भाषा! 1963 सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस मोकळीक दिली. तोंपर्यंत मिस्सा लॅटिनमध्येंच होत असे. 'क्रेदो', 'ग्लोरिया', 'पाक्स' हे शब्द निरक्षर माणसेंहि ओळखीत. अर्थ मात्र क्वचितच कोणी विचारी.

लॅटिनचा इंग्रजींत प्रवेश कसा झाला, हें पाहणें उद्बोधक आहे. 597 सालीं पोप ग्रेगरी यांनीं पाठविलेले संत ऑगस्टिन केंट प्रांतांत उतरले, आणि त्यांच्यामागून उपासनेचे शब्द त्या बेटांत रुजले. इंग्रजांचा 'मास' हा 'मिसा' या लॅटिन शब्दाचाच अपभ्रंश होय. आमची 'मिस्सा' तिचीच सख्खी बहीण. 1066 सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकिलें, तेव्हां न्यायाचे व राज्यकारभाराचे शब्द फ्रेंचच्या वाटेनें आले. पुढें सोळाव्या व सतराव्या शतकांत पंडितांनीं लॅटिन ग्रंथांतून आणखी सहस्रावधि शब्द उचलिले.

हा शब्दसमूह पाठ करण्याची सोपी युक्ति म्हणजे मूळ धातु ओळखणें. 'स्क्रीबेरे' म्हणजे लिहिणें. एवढें ठाऊक असलें कीं 'स्क्रिप्चर', 'मॅन्युस्क्रिप्ट', 'डिस्क्राइब', 'प्रिस्क्रिप्शन' हे चारहि शब्द एका सुतांत ओवले जातात. 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणें. त्यावरून 'पोर्टर', 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'ट्रान्स्पोर्ट'. मराठी मुलास ही रीत नवी वाटूं नये. संस्कृतांतील एका 'हृ' धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार व संहार होतात, हें तो शिकलेलाच असतो. तीच किल्ली येथेंहि चालते.

आणि किल्लीची गोष्ट निघाली आहे, तर 'चावी' या शब्दाकडेच पाहूं. 1534 पासून 1739 पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. पोर्तुगीज ही लॅटिनचीच कन्या. तिचे कित्येक शब्द आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोंचले. 'चावी' ही पोर्तुगीज 'शाव्ह' व लॅटिन 'क्लाविस' यांची वंशज. नवे पोप निवडण्यासाठीं कार्डिनल जेथें एकत्र कोंडून घेतात, त्या 'कॉन्क्लेव्ह'चा मूळ अर्थ 'किल्लीनें बंद होणारी खोली' असाच आहे. 'पाव' हा लॅटिन 'पानिस'पासून आला. ज्याच्यासह भाकर वांटून खावी तो इंग्रजींत 'कम्पॅनियन'. 'पगार' हा 'पाकारे', म्हणजे शांत करणें, यापासून निघाला. घेणेकरी शांत झाला म्हणजे पैसे चुकते झाले! त्याच घराण्यांत इंग्रजी 'पे' आणि 'पीस' हे दोन्ही शब्द आहेत. 'नाताळ' म्हणजे जन्माचा दिवस. 'नेटिव्ह', 'नेशन' व 'नेचर' हीं त्याचींच भावंडें.

याहूनहि आश्चर्याची गोष्ट पुढें आहे. लॅटिनचें व संस्कृताचें मूळच एक. 'पातेर' व पितृ, 'मातेर' व मातृ, 'नोमेन' व नाम, 'इग्निस' व अग्नि, हीं जोडपीं पाहतांच तें ध्यानांत येतें. नाताळच्या मुळाशीं असलेला धातु आणि आमच्या 'जन्म' शब्दांतील धातु हे दोन नव्हेतच. कलकत्त्यास 1786 सालीं सर विल्यम जोन्स यांनीं हें नातें जगापुढें मांडिलें. परंतु त्यापूर्वीं दोनशें वर्षें, 1583 सालीं, गोव्यांतील एका इंग्रज येशूसंघीयानें आपल्या भावास लिहिलेल्या लॅटिन पत्रांत येथील भाषांचें ग्रीक व लॅटिन यांच्याशीं असलेलें साम्य नमूद केलें होतें. ते म्हणजे 1616 सालीं मराठींत 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स.

'क्रेदो' या शब्दाचेंहि असेंच आहे. आमचे आजे तो अर्थ न जाणतां म्हणत. त्यावरून इंग्रजींत 'क्रीड', 'क्रेडिट', 'इन्क्रेडिबल' असे शब्द झाले. पण भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं 'क्रेदो' आणि आपली 'श्रद्धा' हे मुळांत एकच शब्द होत. जो शब्द आम्हीं परदेशचा समजलों, तो दूरच्या वाटेनें घरीं परतलेला आपलाच आप्त निघाला.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें आम्हांस अवश्य वाटतें. केवळ ध्वनिसाम्यावर विश्वासूं नये. 'पाव' पायांनीं मळतात म्हणून त्यास तें नांव पडलें, ही लोकांची कल्पना खोटी आहे. 'मॅन्युस्क्रिप्ट' यांत 'मानुस', म्हणजे हात, आहे. म्हणून 'मॅन्शन' यांतहि हात शोधूं गेल्यास फसगत होते, कारण तो शब्द 'मानेरे', म्हणजे राहणें, यापासून झाला आहे. यास्तव कोश उघडून खात्री करून घ्यावी.

ज्यांनीं तें लॅटिन आपल्या बाळपणीं देवळांत ऐकिलें, ते आज सत्तरीच्या घरांत अथवा त्यापलीकडे आहेत, आणि दरवर्षीं त्यांची संख्या घटत आहे. त्यांच्या ओठांवर जे शब्द अद्याप आहेत, ते नातवंडांनीं विचारून घ्यावे. आजोबांनीं उच्चार सांगावा, नातवानें कोशांतून अर्थ काढावा, आणि दोघांनीं मिळून त्याचा मराठी सोयरा शोधावा. असें झाल्यास इंग्रजी शिकतांना मराठी विसरण्याचें भय राहणार नाहीं. उलट एकीच्या योगें दुसरी अधिक जवळची होईल. पूर्वजांनीं देवळाबरोबर ही चावीहि आमच्या हातीं दिली आहे. ती गंजूं न देणें, हेंहि या ज्युबिलीचें एक कर्तव्य आहे, असें आम्ही समजतों.